हळदीच्या गावात घरची हळद

जिथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जिथून जवळच कृष्णाकाठच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणलेली आहेत, त्या सांगलीत राहून परसात हळद लावणे म्हणजे नदीकाठी बसून अंगणात डबके राखण्यासारखे आहे. तरीही आमच्या सौभाग्यवतींनी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सेलम जातीच्या हळदीचे गड्डे लावले. पुढचे आठ-नऊ महिने त्या पिकाने काहीही त्रास दिला नाही, हे मान्य करावेच लागेल.

त्रास सुरू झाला तो माघात पाने वाळल्यावर, काढणी करताना. ओली हळद तशीच ठेवली तर सडते किंवा कोंबारते. म्हणून ती शिजवावी लागते, आणि हळकुंडात काडी सहज शिरेपर्यंत शिजवावी लागते. घरातले सर्वांत मोठे पातेले त्या दिवशी पिवळे झाले ते आजतागायत पिवळेच आहे. माझे बनियनही पिवळे झाले होते. ते साबणाच्या पाण्यात टाकताच लालभडक झाले, कारण हळदीला क्षार लागला की ती लाल होते. चुन्याने हळदीचे कुंकू होते हे माहीत असूनही शेजारच्या काकूंनी माझे हात आणि दोरीवरचे बनियन पाहून, "कुणाचं ठरलं म्हणायचं?" असे विचारलेच.

त्यानंतर गच्चीवर वाळवण. वाळवणाला दहा-पंधरा दिवसांचे कडक ऊन लागते, आणि तेवढे दिवस सकाळी पसरणे, संध्याकाळी गोळा करणे व मधल्या वेळात ढगांकडे संशयाने पाहणे, ही कामे घरातील एकमेव सेवानिवृत्त माणसाकडे आपोआप येतात. वाळलेली हळकुंडे पोत्यात घालून घासली. व्यापारी हेच काम फिरत्या पिंपात करतात आणि त्याला पॉलिश म्हणतात, आम्ही त्याला पाठदुखी म्हणतो. गिरणीवाल्याने, "काका, पुढची ज्वारी पिवळी निघंल," म्हणून पोते परत केले, तेव्हा खलबत्ता निघाला.

पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम एक किलो सुकी हळद होते, हे कोष्टक हातात खलबत्ता असताना फार स्पष्ट कळते. तिच्या छोट्या बाटल्या भरून आम्ही पुण्याच्या नातेवाइकांना पाठवल्या. मेव्हण्यांचा लगेच फोन आला: "दाजी, रंग छान आहे, पण ही खरी सांगलीची आहे ना, का घरचीच?"