टेक्सासात बोअर आहे? मग एवढं कराच

दक्षिण टेक्सासात हौसेने दहा एकर घेतलेत, घराला बोअरचं पाणी आहे आणि शेजारच्या रानात युरेनियमवाले उतरलेत? अभिनंदन! गेले चार महिने मी याच आनंदात आहे, म्हणून अनुभवाचे दोन शब्द.

आधी परवानग्या समजून घ्या. युरेनियम शोधायला भोकं पाडण्याचा परवाना इथे रेलरोड कमिशन देतं. हसू नका. 2005पासून त्यांच्याकडे रेल्वे नाही, पण हे आहे.

पाण्याची चव बदलली नाही ना? मग निर्धास्त राहा. युरेनियमला चव नसते.

पाणी नासेल म्हणून तर मुळीच घाबरू नका. इथे खाण खणत नाहीत. ऑक्सिजन आणि बायकार्बोनेट मिसळलेलं पाणी खाली सोडतात, युरेनियम जागेवरच विरघळवतात आणि वर ओढून घेतात. आता तो थर पाण्याचाच असतो, पण त्यावर तोड आहे: ‘ॲक्विफर एक्झेम्प्शन’. थराचा तेवढा तुकडा पिण्याच्या पाण्याचा नाहीच, असं ईपीएकडून, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याकडून, आधीच मंजूर करून घ्यायचं. जे पिण्याचं नाही ते नासणार कसं? काम संपल्यावर पाणी पूर्ववत करायचं, असाही नियम आहे बरं का. 2009 साली यूएसजीएसने, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने, टेक्सासच्या नोंदी चाळल्या, तर ज्या ठिकाणच्या शेवटच्या नमुन्यांचे निकाल सापडले त्यातल्या एकाही ठिकाणी सगळे घटक मूळ पातळीवर आलेले नव्हते. मग? पातळीच वाढवून घ्यायची! पोरगा नापास झाला की पासिंग पस्तिसावरून विसावर आणायचं, तसं. काम संपल्यावरही तीस वर्षांपर्यंत भूजलावर नजर ठेवा, असा मसुदा ईपीएने 2015मध्ये काढला होता. 2017मध्ये बदलून पुन्हा मांडला, 2018मध्ये गुंडाळून ठेवला. एवढी वर्षं कोण बसणार बघत!

आणि हो, पत्रं लिहा. मीही एका कार्यालयाला लिहिलं की त्या तुकड्याची हद्द माझ्या बोअरपासून किती फुटांवर आहे. दहा आठवड्यांनी उत्तर आलं: खाजगी बोअर आमच्या अखत्यारीत येत नाही, पाणी स्वखर्चाने तपासून घ्यावे.

अहो, मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय? पिण्याच्या पाण्याचा कायदा खाजगी बोअरला लागू नाही, ठाऊक आहे मला. लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम युरेनियमची मर्यादा नळाच्या पाण्याला, आणि बोअरवाल्यांच्या पोटात काय वेगळी आतडी असतात? बोअर तुमच्या अखत्यारीत नाही, पण खालचा थर आहे ना? त्यावर सही कोणी केली, मी? हद्दीचा नकाशा तुमच्याच फायलीत पडलाय. दहा आठवडे लावून मला अक्कल शिकवण्यापेक्षा त्याची एक झेरॉक्स काढायची होती. अजून काढा. टपालखर्च मी देतो.