केवळ अ आणि क

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेचा सामान्य अध्ययनाचा सिलॅबस बघितलाय का कधी? सात मुद्दे आहेत फक्त. दिसायला इतका गरीब की बघणाऱ्याला वाटतं, एवढंच ना, दिवाळीपर्यंत उरकेल. त्यातला एक मुद्दा आहे "महाराष्ट्र, भारत आणि जगाचा भूगोल". एका ओळीत पृथ्वी संपवली! पुढे एक मुद्दा आहे "सामान्य विज्ञान", बस्स, दोन शब्द, स्वल्पविराम पण नाही, आणि त्या दोन शब्दांत भिंगाच्या नाभीय अंतरापासून गाईच्या जठराच्या चार कप्प्यांपर्यंत सगळं बसवलंय. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला मोजकं लिहायची फार आवड असणार, किंवा त्याला घरी जायची घाई असणार.

तर हे सगळं वाचायला मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसतो. अभ्यासिका म्हणजे एक लांबलचक हॉल, दीड हात रुंदीची टेबलं, मधे प्लायवूडचे पार्टिशन, आणि प्रत्येकाच्या समोर भारताचा नकाशा नाहीतर स्वतःचं नाव आणि पुढे "उपजिल्हाधिकारी" असं लिहिलेला कागद. माझ्या आधी जो इथे बसायचा त्याचा कागद अजून चिकटलेला आहे, तो आता बँकेत आहे म्हणे, कागद निघता निघत नाही, म्हणून मी त्याच्याच नावाखाली अभ्यास करतोय. अभ्यासिकेत बोललेलं चालत नाही त्यामुळे सगळं बोलणं चहाला. आणि चहाला जे बोलणं होतं ते कटऑफवर. पेपर व्हायचाय, परीक्षेची ॲड म्हणजे जाहिरात यायचीय, पण कटऑफ कितीला लागणार यावर मारामारीची वेळ येते.

मला सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल तर समाजसुधारकांनी. माणसं थोर, वाद नाही, पण त्या पंधरा-वीस वर्षांत मुंबई-पुण्यात कुठे चार लोक जमले की संस्था निघायची असं दिसतं. एकदा मला त्यात सूत्र सापडलं. प्रार्थना समाज १८६७, पुणे सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३. बघा ना, तीन-तीन वर्षांचं अंतर! मी इतका खूश झालो की पार्टनरला अभ्यासिकेतून खुणेने बाहेर बोलावून सांगितलं. तो म्हणाला मग १८७६? आता १८७६ साली कोणीतरी काहीतरी स्थापन केलं असतं तर काय बिघडलं असतं, पण आर्य समाज १८७५ मध्येच मुंबईत स्थापन होऊन मोकळा झालेला. एका वर्षाने सूत्र गेलं. पार्टनर म्हणाला पाठच कर बाबा, अक्कल लावू नको, अक्कल सीसॅटला, म्हणजे उतारे-बुद्धिमत्तेच्या दुसऱ्या पेपरला.

चालू घडामोडींचं तर विचारूच नका. माझ्या नोट्समध्ये औरंगाबाद खोडून छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद खोडून धाराशिव, अहमदनगर खोडून अहिल्यानगर झालंय, आणि नकाशात आता जिल्हे कमी आणि व्हाइटनर जास्त दिसतो. युनेस्कोच्या यादीत २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले गेले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला आनंद झाला, आमच्या अभ्यासिकेत मात्र पहिला प्रश्न आला की बारापैकी महाराष्ट्राबाहेरचा कोणता. जिंजी, तमिळनाडू. त्यानंतर मित्रांबरोबर राजगडला गेलो तर वर पोचून सगळे गप्प उभे राहून बघतायत, वारा सुटलाय, खाली ढग आहेत, आणि मी म्हणतोय अरे यादीत रायगड पण आहे, राजगड पण आहे, जोड्या लावामध्ये घोळ होऊ शकतो. पुढच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये मला घेतलेलं नाही.

मुळात झालंय असं की जे काही वाचतो ते डोक्यात सरळ जातच नाही, विधान अ, विधान ब, विधान क असं जातं. आजीला घेऊन पंढरपूरला गेलो होतो. ती बिचारी वाळवंटात उभी राहून चंद्रभागेला हात जोडतेय आणि मला राहवेना. म्हटलं आजी ही भीमाच आहे गं, इथे चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून चंद्रभागा म्हणायचं, हिचा उगम भीमाशंकरला, नीरा हिला उजवीकडून मिळते, सीना डावीकडून मिळते, आणि ही स्वतः पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळते. आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डोळे न उघडता म्हणाली, "सगळ्यांना सगळं मिळतंय रे बाबा, तुला नोकरी कधी मिळतीय ते सांग."

आणि नातेवाईकांना वाटतं की हा परीक्षेचा अभ्यास करतोय म्हणजे निम्मा तहसीलदार झालेलाच आहे. गावाकडून मामांचा फोन आला, आजोबा गेल्यानंतर सातबाऱ्यावर वारसांची नावं लागायची राहिलीत, काय करावं लागेल? मला आनंद झाला, कोणीतरी आपल्या विषयातलं विचारलं. मी सुरू झालो की मामा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे, त्यात कलम १५० खाली फेरफाराची नोंद होते, तलाठी फेरफार रजिस्टरला नोंद घेतो, नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. मामा बराच वेळ हूं हूं करत होते. मग म्हणाले, "ते १९६६ चं झालं सगळं बरोबर, पण तलाठी भाऊसाहेब सकाळी भेटतात का दुपारी?" आता हे कुठल्या पुस्तकात असतं? मी म्हटलं मामा, पंचायत राजची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती विचारा, २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, एका दमात म्हणून दाखवतो. ते म्हणाले राहू दे, मी शेजारच्या पोराला विचारतो, तो झेरॉक्सच्या दुकानात बसतो, त्याला सगळं माहीत असतं. आणि खरंच त्या पोराने आठवड्यात अर्ज लिहून दिला वर मृत्यूचा दाखला किती प्रतीत लागतो तेही सांगितलं. सरकारने एकदा झेरॉक्सवाल्यांना थेट मुलाखतीला बोलवावं असं माझं मत आहे.

आता परीक्षेचा हॉल. शंभर प्रश्न, दोनशे गुण, दोन तास. चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण गेले. म्हणजे तुम्हाला काय येतं यापेक्षा तुम्हाला काय येत नाही हे तुम्हाला किती येतं, यावर सगळा खेळ. पहिले दहा-बारा प्रश्न मी अगदी न्यायाधीशासारखे सोडवतो. विधान अ वाचलं, मान हलवली, बरोबर. विधान ब मध्ये "केवळ" शब्द आहे, म्हणजे चूक, कारण आमच्यात पक्का नियम आहे की ज्या विधानात केवळ, फक्त, कधीही, सर्वच असं काही आलं ते चूक. (हा नियम प्रश्न काढणाऱ्यांनाही कळलाय, हे आम्हाला फार उशिरा कळलं.) विधान क अर्धवट ऐकल्यासारखं वाटतं. मग उत्तर एक तर "केवळ अ" नाहीतर "केवळ अ आणि क". इथपर्यंत सगळे पोचतात हो! दोन पर्याय उडवणं हे आता शाळेतल्या पोरालाही जमतं, खरा अधिकारी उरलेल्या दोनात ठरतो. तिथे मी पेन गोलावर टेकवतो, परत उचलतो, शेजारच्या बाकावरची मुलगी पान उलटते, तिचा तो कागदाचा आवाज ऐकला की माझा घसा कोरडा पडतो, आणि मी "केवळ अ आणि क" रंगवून टाकतो. काळ्या शाईचा बॉलपेन, खोडता येत नाही. गोल पूर्ण भरल्या क्षणी, त्याच क्षणी हं, आधी नाही, विधान क कुठल्या पानावर कुठल्या कोपऱ्यात होतं आणि त्याच्याखाली आपण हिरव्या हायलायटरने काय लिहिलं होतं ते स्वच्छ आठवतं. दुपारच्या सीसॅटबद्दल बोलण्यासारखं काही नाही, ३३ टक्के मिळाले की सुटका, आणि जेवणानंतर उतारे वाचताना जी झोप येते ती घरी गादीवर येत नाही.

वर आता मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय. म्हणजे प्रश्न वाचायचा आणि आपलं आपण पानं भरून उत्तर लिहायचं, खाली चार पर्याय नाहीत! आमची पिढी पर्यायांवर वाढलेली, आईने जरी विचारलं भाजी काय करू तरी मी म्हणतो ऑप्शन सांग, आणि तिने मेथी, दुधी, कारलं सांगितलं की तोंडातून आपोआप "वरीलपैकी एकही नाही" येतं. मग आई पाचवा पर्याय देते, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पेपर झाला की दोन-चार दिवसांत पहिली उत्तरतालिका येते आणि त्या संध्याकाळी अख्ख्या पेठेत कोणी कोणाशी नीट बोलत नाही. या वेळी जांभ्या मृदेवर एक प्रश्न होता. सगळ्यांचा चुकला. माझा बरोबर! आणि अंदाजपंचे नाही बरं का, मला ते माहीत होतं, सह्याद्रीचा माथा, जास्त पाऊस, सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात, मला ती माती समजली होती. दोन गुण. मी त्या दोन गुणांच्या जोरावर रात्री मेसमध्ये एक चपाती जास्त घेतली. पार्टनरचा तो प्रश्न चुकलेला, त्याने गप्प बसावं की नाही? पण नाही, त्याने रात्रभर जागून दोन पुस्तकांतली पानं स्कॅन केली, दोन्हीत वेगवेगळं दिलंय हे दाखवलं आणि हरकत नोंदवली. वर मलाच विचारलं की अर्जाची भाषा जरा बघ ना, तुझं मराठी चांगलं आहे. मी बघितली, दोन ठिकाणी शुद्धलेखन पण सुधारून दिलं.

अंतिम उत्तरतालिकेत प्रश्न रद्द. पार्टनरने त्या आनंदात मला चहा पाजला. क्रीमरोलचे पैसे मात्र मलाच द्यायला लावले.