मॅडम, ती ओळ काढून टाकू का?

आज दुपारपासून डोकं तापलंय. लिहून मोकळी होते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

आमच्या भागातल्या एका संशोधन पत्रिकेनं नवा नियम काढलाय. नाव लिहीत नाही, कारण असले नियम आता सगळीकडेच निघतायत. निबंधासोबत 'एआय रिपोर्ट' जोडायचा, म्हणजे किती मजकूर यंत्रानं लिहिलेला वाटतो याचा सॉफ्टवेअरनं काढलेला टक्का, आणि तो आकडा १० टक्क्यांच्या आत हवा. वर गेला की निबंध परत. लेखकाचं म्हणणं ऐकून घ्यायची सोयच ठेवलेली नाही. याच नियमाखाली आज माझ्या एका विद्यार्थिनीचा निबंध परत आला. आणि तिच्याबाबतीत तर रिपोर्टचीही गरज पडली नाही. तिनं स्वतःच निबंधाच्या शेवटी लिहिलं होतं की इंग्रजी सुधारण्यासाठी चॅटजीपीटीची मदत घेतली; मुलाखती, मांडणी आणि निष्कर्ष माझे आहेत, प्रत्येक वाक्य मी तपासलं आहे. त्या एका ओळीवर पेननं गोल करून निबंध परत.

संध्याकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती, ती रडणाऱ्यातली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, ती ओळ काढून टाकू का? बाकीच्यांनी लिहिलीच नाही, त्यांचं छापून येतंय."

मला क्षणभर काही बोलता आलं नाही.

ही मुलगी कोण, ते थोडं सांगते. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की पोरं आजीकडे ठेवून कारखान्याच्या गाड्या धरायच्या आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की परत यायचं. बीएपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून. आज ती ऊसतोड बायकांच्या आरोग्यावर काम करतेय. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारनं समिती नेमली, कॅमेरे आले आणि गेले. ही मात्र त्यानंतरही हंगामात फडावर जाऊन त्यांच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये बसत राहिली. बायका दिवसभर ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून येणार, मग चूल पेटवणार, आणि भाकऱ्या थापता थापता हिच्याशी बोलणार. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती, खाडा म्हणजे कामावर सुट्टी झाली तर तो किती कापतो, पाळीच्या दिवसांत काय होतं, ऑपरेशनला पैसे कुठून आणले. आपल्यातल्या कितीजणांनी असं काम केलंय? मी स्वतः इतक्या चिकाटीनं केलेलं नाही.

तिनं निबंध आधी मराठीत लिहिला. पूर्ण. मग स्वतःच्या इंग्रजीत उतरवला. आणि मग ते इंग्रजी नीट करायला यंत्राकडे दिलं. मुलाखतींचे कागद दिले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतेय. त्या बायकांनी विश्वासानं सांगितलेलं कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर जाता कामा नये, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. फक्त स्वतःचे परिच्छेद दिले. यंत्रानं भाषा खरंच छान केली. पण एका परिच्छेदात एक नवीनच वाक्य घुसवलं: या महिलांनी शस्त्रक्रियेला पूर्ण माहितीनिशी संमती दिली होती. असं एकाही बाईनं म्हटलेलं नव्हतं! उलट निम्म्या निबंधाचा मुद्दाच तो होता की त्यांना कुणी नीट काही सांगितलं नाही. हिनं रेकॉर्डिंग ऐकत ओळ न् ओळ पडताळली, ते वाक्य खोडलं, आणि असं आणखी काही सापडतंय का म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

जबाबदारीनं वापर म्हणजे याहून वेगळं काय असतं हो?

जगातल्या मोठ्या पत्रिका हेच सांगतायत. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी आलं आणि जानेवारी २०२३ मध्येच 'नेचर' या विज्ञानपत्रिकेनं जाहीर केलं की यंत्र लेखक होऊ शकत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. वापरलं असेल तर लिहा. वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही त्याच वर्षी तेच म्हणाली. वापर करा, जाहीर करा, चूक निघाली तर उत्तर तुम्ही द्या. माझ्या विद्यार्थिनीनं अक्षरशः तेवढंच केलं. आणि आम्ही तिला त्याची शिक्षा दिली.

बरं, हे १० टक्के आले कुठून? मला माहीत आहे कुठून आले. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांमध्ये १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तो आकडा उचलला आणि इथे चिकटवला. अहो, पण ते नियम आले तेव्हा चॅटजीपीटी जन्मालाही आलं नव्हतं! साम्य मोजणारं सॉफ्टवेअर निदान दाखवतं तरी, की हा परिच्छेद अमक्या प्रबंधातून आलाय, उघडा आणि ताडून बघा. एआय ओळखणारं सॉफ्टवेअर काहीच दाखवत नाही. त्याच्याकडे मूळ कागद नाही, साक्षीदार नाही. ते नुसता अंदाज करतं की हे वाक्य यंत्राच्या वळणाचं वाटतंय. ज्या ओपनएआयनं चॅटजीपीटी बनवलं, तिचंच ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये आलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद झालं. बनवणाऱ्यालाच ओळखता येईना, आणि आमच्या पत्रिकेला दशांशात कळतं.

त्याहून वाईट म्हणजे ही यंत्रं नेमकी कुणाला पकडतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ इंग्रजी निबंध अशा सात यंत्रांना दिले. सरासरीनं निम्म्याहून जास्त निबंध 'यंत्रानं लिहिलेले' ठरले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र बहुतेक बिनबोभाट पार झाले. कारण साधं आहे. ज्याची इंग्रजी शब्दसंपत्ती मोजकी, तो सरळ, ठरावीक वाक्यं लिहितो, आणि यंत्राला तीच यंत्राची वाटतात. म्हणजे कॉन्व्हेंटमधून आलेला सुटणार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली अडकणार. हे आपण डोळ्यांदेखत होऊ देतोय. फुल्यांच्या, सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषणं करणारे आपण!

आता दुसरी बाजू. संपादक मंडळ घाबरलंय आणि ती भीती खोटी नाही, हे मी मान्य करते. लोक काहीही पाठवतात. २०२४ मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशनाच्या एका पत्रिकेत लिथियम बॅटऱ्यांवरचा निबंध छापून आला, त्याच्या प्रस्तावनेचं पहिलंच वाक्य म्हणजे 'नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना' अशा अर्थाचं चॅटबॉटचं उत्तर होतं. अनेक लेखक, परीक्षक, संपादक, आणि पहिली ओळ कुणी वाचली नाही. त्याच वर्षी फ्रंटियर्स या दुसऱ्या प्रकाशनाच्या एका पत्रिकेत उंदराचं ते अचाट चित्र आलं, शरीरशास्त्रात न बसणारं, त्यावर निरर्थक अक्षरांची लेबलं. काही दिवसांत निबंध मागे घ्यावा लागला. आणि हो, त्या लेखकांनी चित्र मिडजर्नी या चित्र काढणाऱ्या एआयनं काढल्याचं लिहिलेलं होतं. तेव्हा नुसतं जाहीर केलं की सुटलो असं नाही, हेही मान्य.

पण या दोन्ही ठिकाणी टक्केवारीनं काय पकडलं असतं? तिथे डोळे उघडे ठेवून वाचणारा एक माणूस हवा होता. एक!

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मध्यंतरी एक निबंध तपासायला आला. संदर्भसूची बघत होते तर त्यात माझंच नाव. लेखाचं शीर्षक छान, पत्रिका खरी, अंक आणि पान क्रमांक व्यवस्थित. फक्त तो लेख मी आयुष्यात कधी लिहिलेला नाही. पुढचे संदर्भ शोधले तर त्यातलेही बरेच अस्तित्वातच नाहीत. ही यंत्रं असे संदर्भ सहज रचून देतात, आपल्या सगळ्यांना आता माहीत आहे. आणि त्या निबंधाला जोडलेला एआय रिपोर्ट? ४ टक्के. कारण टक्का उतरवून देणारी दुकानं निघालीत, पानामागे पैसे घेतात, व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरतात. तो निबंध नियमात बसत होता. माझ्या विद्यार्थिनीचा बसत नाही.

राग येतो तो इथे. न वाचलेले, नसलेले लेख ज्यानं संदर्भ म्हणून दिले, तो प्रामाणिक ठरला. आणि जिनं ओळ न् ओळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहिली, तिच्या ओळीभोवती गोल.

आणि परीक्षकांचं काय? इकडे लेखकांना टक्केवारी लावायची आणि तिकडे आपल्यातलेच काहीजण तपासायला आलेला निबंध सरळ चॅटबॉटमध्ये टाकून अभिप्राय काढून घेतात. मला हे एका सहकाऱ्यानं अगदी सहज सांगितलं, वेळ वाचतो म्हणून. दुसऱ्याचं अप्रकाशित काम, ज्यात अशा बायकांच्या कहाण्या आहेत, ते विश्वासानं आपल्याकडे आलेलं असतं. वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेनं २०२३ मध्येच निधीचे प्रस्ताव तपासताना याला बंदी घातली. आपल्या पत्रिकांच्या नियमांत परीक्षकांसाठी एक ओळ तरी आहे का? मी आज आमच्या भागातल्या मिळतील तेवढ्या नियमावल्या उघडून बघितल्या. मला दिसली नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या मंडळातल्या दोघांना मी ओळखते. चांगले शिक्षक आहेत. पगारी काम सांभाळून, रात्री जागून पत्रिका काढतात, त्याचे त्यांना काही मिळत नाही. शेकडो निबंध येतात, बढतीसाठी प्रत्येकाला छापून हवं असतं, त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं मान्य पत्रिकांची केअर यादीही बंद केली आणि पत्रिकेचा दर्जा ज्याचा त्यानं ठरवायचा झाला. अशा वेळी एखादा आकडा हाताशी असला की बरं वाटत असणार. समजतं मला. पण सर, आकड्यानं तुमचं वाचायचं काम संपत नाही. तुम्हाला लेखकाची परीक्षाच घ्यायची असेल तर फोन करा ना. संदर्भसूचीतले कुठलेही तीन संदर्भ काढा आणि विचारा, यात काय म्हटलंय, तुम्हाला कुठे मिळालं. पाच मिनिटांत कळेल. माझ्या विद्यार्थिनीला विचाराल तर ती तासभर बोलेल, तुम्हालाच फोन ठेवावा लागेल.

तिला मी सांगितलं, ओळ काढायची नाही. निबंध या पत्रिकेत नाही आला तर दुसरीकडे पाठवू. कुणी घेतलाच नाही तर मराठीत छापू, मूळ तो मराठीतच आहे आणि इंग्रजीपेक्षा जास्त चांगला आहे.

आणि मंडळाला पत्र लिहिलंय. मागणी साधी आहे. टक्क्याची अट काढा. त्याऐवजी प्रत्येक लेखकाकडून यंत्राचा वापर कुठे आणि कशासाठी केला ते लिहून घ्या, आणि ते लिहिलं म्हणून कुणाचा निबंध परत करू नका. संदर्भ खरे आहेत का, ते माणसानं तपासा. परीक्षकांनी निबंध चॅटबॉटला देऊ नये, हेही त्याच पानावर छापा. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकतेय. शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या मित्रमैत्रिणींनी वाचा, सुधारणा सुचवा, पटलं तर नाव आणि कॉलेज लिहा. सोमवारी सकाळी पाठवणार आहे. मंडळातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी त्याआधी फोन केला तरी चालेल, मी बोलायला तयार आहे.