०एक्स४१ म्हणजे दरवेळी ६५ नव्हे

एसक्यूएल (डेटाबेसला आदेश देण्याची भाषा) शिकणाऱ्यांमध्ये सध्या एक टिपण फिरते आहे. त्यात म्हटले आहे: ‘०एक्स४१ ही हेक्स संख्या आहे, कुठल्याही डेटाबेसमध्ये तिचे ६५ च होतात. एक्स'४१' हे तिचेच दुसरे रूप. आणि मूल्ये हेक्समध्ये लिहिली की इंजेक्शनची भीती नाही.’ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावर संख्या लिहिण्याची पद्धत; इंजेक्शन म्हणजे बाहेरून आलेल्या मूल्यातून क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आदेशात, घातक मजकूर घुसवणे.) तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि तिसरे धोक्याचे.

आधी ६५ चे पाहू. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सिलेक्ट ०एक्स४१ चालवले तर संख्या येत नाही. कॅपिटल ‘ए’ची एक बाइट येते (काही क्लायंट ती हेक्समध्येच दाखवतात). तिच्यात शून्य मिळवा, मग ६५ होतात. तेच मूल्य बायनरीत, बी'१०००००१' असे लिहिले तरी हेच. एसक्यूएल सर्व्हरही ०एक्स४१ ला व्हारबायनरी, म्हणजे संख्या नव्हे तर बाइटांची माळ, मानतो.

पोस्टग्रेसची गोष्ट मात्र सावकाश वाचा. १४ व्या आवृत्तीपर्यंत हीच क्वेरी मुकाट्याने शून्य द्यायची! पार्सर (क्वेरी वाचून तिचा अर्थ लावणारा भाग) ० वाचून एक्सपाशी थांबायचा आणि उरलेले ‘एक्स४१’ हे कॉलमचे टोपणनाव समजायचा, कारण तिथे ‘अ‍ॅज’ लिहिणे सक्तीचे नाही. एरर नाही, इशारा नाही, उत्तर तेवढे चूक. १५ व्या आवृत्तीत एरर येऊ लागली. ६५ मिळू लागले ते १६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ मध्ये. जुन्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी हे डोक्यात पक्के ठेवावे, कारण असली चूक शोधताना जीव जातो.

एक्स'४१' हे दुसरे रूपही नाही. एसक्यूलाइटमध्ये ते ब्लॉब (कच्च्या बाइट) आहे, तर ०एक्स४१ पूर्णांक. पोस्टग्रेसमध्ये ती आठ बिटांची माळ; बाइट हव्या असतील तर बायटीआ हा डेटाप्रकार वापरावा लागतो. मायएसक्यूएलला एक्स'एफएफएफ' चालत नाही, कारण अवतरणातले हेक्स अंक सम हवेत; ०एक्सएफएफएफ मात्र चालते, अंकांच्या सुरुवातीला एक शून्य तो स्वतःच जोडतो.

आता इंजेक्शन. मायएसक्यूएलमध्ये ०एक्स६१६४६डी६९६ई म्हणजे लहान लिपीतला ‘अ‍ॅडमिन’ हा शब्द, एकही अवतरणचिन्ह न वापरता. अवतरणचिन्हे गाळणारी चाळणी चुकवायला हल्लेखोर नेमके हेच लिहितात. वापरकर्त्याकडून आलेले मूल्य क्वेरीच्या मजकुरात जोडूच नका, मग ते हेक्स असो की साधे. क्वेरीत प्लेसहोल्डर (मूल्यासाठी राखलेली जागा) ठेवा आणि मूल्य पॅरामीटर म्हणून वेगळे पाठवा.