बीमएनजीची गाडी खेळणं आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बीमएनजी या गाड्या चालवण्याच्या आणि धडकवण्याच्या कॉम्प्युटर गेमवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही क्रॅश ॲनालिसिसमध्ये, म्हणजे गाड्यांच्या धडकांचा संगणकावर अभ्यास करण्यात, काम करता, आणि तुमचं म्हणणं असं की हे गेममधलं खेळणं आहे, त्याला ‘संशोधनाचं साधन’ म्हणणं ही दिशाभूल आहे. यात भागांचा कडकपणा खऱ्यासारखा ठेवता येत नाही, असंही तुम्ही लिहिलंत.

आधी माझी चूक. ‘अपघात हुबेहूब खरा होतो’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. ते आज काढलं. तुमच्या फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये पत्र्याचे काही मिलिमीटरचे लाखो तुकडे असतात आणि १५० मिलिसेकंदांची धडक सोडवायला तासन्‌तास जातात. इथे गाडी म्हणजे काही शे नोड (वजन असलेले बिंदू), त्यांना जोडणारे काही हजार बीम (बिंदूंमधले दुवे), आणि सेकंदाला २००० वेळा हिशेब. प्रवाशाच्या छातीवर किती भार आला, हे या गाडीला विचारूच नये.

पण ‘खेळणं’ मला मान्य नाही. यातला प्रत्येक बीम म्हणजे स्प्रिंग आणि डँपर (कंपनं शमवणारा भाग). मर्यादेपलीकडे ताण आला की त्याची मूळ लांबीच बदलते, आणखी आला की तो तुटतो. पुढचं डावं चाक वेगात फुटपाथच्या कडेवर आदळून बघा. टाय-रॉड (चाक वळवणारा दांडा) वाकतो आणि पुढे सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढते. ‘धडकेनंतर गाडी ओढावी’ अशी ओळ कुणी प्रोग्राममध्ये लिहिलेली नाही! नोड जागचे हलले, चाकाचा कोन बिघडला, बाकीचं टायरच्या घर्षणाने केलं.

आता संशोधन. स्वयंचलित गाडीचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्याला पत्रा कसा दुमडला याच्याशी कर्तव्य नसतं. कुठल्या वळणावर गाडी लेन सोडते, एवढंच त्याला हवं असतं. त्यासाठी शेकडो रस्ते आखून प्रत्येकावर गाडी पळवायची, मग एका फेरीला रात्र घालवून कसं चालेल? २०२१ च्या एसबीएसटी (सर्च-बेस्ड सॉफ्टवेअर टेस्टिंग) टूल स्पर्धेत नेमकं हेच होतं: स्पर्धकांच्या प्रोग्रामांनी रस्ते तयार करायचे, आणि बीमएनजीतली गाडी त्यांवर लेनबाहेर जाते का ते पाहायचं.

कडकपणाबद्दल मात्र तुम्ही बिनचूक बोललात. हलक्या नोडला फार कडक बीम जोडला की दोन हिशेबांमधल्या अर्ध्या मिलिसेकंदाच्या पावलात त्याची कंपनं सांभाळली जात नाहीत, गाडी उभ्या जागी थरथरते आणि विखरून जाते. म्हणून नोड जड किंवा बीम मऊ ठेवावे लागतात, आणि धडकेचे आकडे तिथेच हलतात. हा परिच्छेद मी मूळ लेखात घालतो आहे. बंपरच्या भागात तुम्ही मेश (तुकड्यांची जाळी) किती बारीक ठेवता, ते कळवाल का? शेजारी मांडता येईल.