स्कॅन करून पैसे देताना गिऱ्हाइकाला कट लागत नाही

‘२,००० रुपयांच्या वर यूपीआय केलं की तुमच्या खात्यातून १.१ टक्के जाणार’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे.

मूळ गोष्ट मार्च २०२३ मधली. यूपीआय चालवणाऱ्या, आपल्या मुंबईतच मुख्यालय असलेल्या एनपीसीआयने वॉलेटमधल्या, म्हणजे अ‍ॅपमध्ये आधीच भरून ठेवलेल्या पैशांतून दुकानदाराला केलेल्या २,००० रुपयांवरील व्यवहारांसाठी एक आकार ठरवला होता. तो जास्तीत जास्त १.१ टक्के, आणि दुकानदाराच्या बाजूने वॉलेट कंपनीला मिळणारा. गिऱ्हाइकाकडून एक पैसाही नाही. बँक खात्यातून थेट दिलेल्या पैशांना तर तो लागूच नव्हता, आणि आपण बहुतेक जण तसेच पैसे देतो. एनपीसीआयने तेव्हाच तसं स्पष्ट केलं होतं. पण मेसेजमधून ‘वॉलेट’ हा शब्दच गळला आणि सगळा घोळ झाला.

जून २०२५ मध्ये अशीच आवई उठली, तेव्हा अर्थ मंत्रालयानेही ती निराधार असल्याचं सांगितलं.

मला हे मनापासून लिहावंसं वाटलं, कारण दादरच्या मंडईत एक मावशी या मेसेजमुळे क्यूआरचा कागद काढून ठेवायच्या बेतात होत्या. ११ एप्रिल २०१६ ला यूपीआय सुरू झालं आणि सुट्ट्या पैशांची रोजची कटकट मिटली. त्यांच्यासारख्यांना ते सोडायला लावू नका. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.