गोथेनबर्गहून दर्यापूरकडे: वाचनालयाला ई-रीडर द्यावेत का?

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच खल चाललाय. गाव सोडून पुण्या-मुंबईला, परदेशात गेलेल्यांनी वर्गणी काढून गावच्या वाचनालयाला काहीतरी द्यायचं ठरवलं. एक गट म्हणतो, कपाटं भरायचे दिवस गेले, पाच-सहा ई-रीडर द्या, एकेकात हजार पुस्तकं मावतात. दुसरा गट कागदाच्या वासावर कविता पाठवतो. मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्ग शहरात राहतो म्हणून दोघंही मलाच साक्षीला ओढतात. ‘स्वीडननं स्क्रीन फेकून दिले, पुन्हा पुस्तकं आणली’ हा फॉरवर्ड तर मला रोज कोणी ना कोणी पाठवतं.

आधी त्या फॉरवर्डचं पाहू. चौथीच्या मुलांसाठी पर्ल्स नावाची आंतरराष्ट्रीय वाचन चाचणी असते. तिच्यात स्वीडनचे गुण २०१६ साली ५५५ होते, ते २०२१च्या फेरीत ५४४ झाले. सरकार हललं आणि २०२३मध्ये शाळांना छापील पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले. बालवाड्यांतली डिजिटल साधनांची सक्तीही मागे घ्यायचं ठरलं. एवढंच. मोठ्या मुलांच्या दप्तरात लॅपटॉप आजही आहेत. आणि तो सगळा वाद टॅबलेट-लॅपटॉपचा होता, ई-रीडर त्यात कुठेच नव्हता.

ई-रीडर ही वेगळी वस्तू आहे. त्याच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगकणांच्या अतिसूक्ष्म कुप्या असतात, आणि वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. मध्येच कोणाचा ‘शुभ सकाळ’ टपकत नाही. मी स्वतः बरंचसं मराठी त्याच्यावरच वाचतो, कारण इथे दुसरा इलाज नाही. टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला मागे टाकतो. विमानाच्या बॅगेत आई आधी तुरीची डाळ, कुरड्या नि जवसाची चटणी कोंबते, मग उरलेल्या फटीत पुस्तक. २०१६च्या डिसेंबरात किंडलच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरच्या, ऑनलाइन दुकानात मराठी विभाग उघडला तेव्हा माझ्यासारख्यांची खरोखर सोय झाली. गोथेनबर्गला डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच दिवस मावळतो, तेव्हा आतून हलका उजेड देणारं ते यंत्र बरं वाटतं. कागदाच्या वासाचं मला कौतुक नाही. आमच्या वाचनालयात पावसाळ्यात जो वास येतो तो बुरशीचा असतो.

पण ‘एकात हजार पुस्तकं’ म्हणणाऱ्यांनी ती हजार पुस्तकं कोणती, हे सांगावं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी मोलाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ती सहा इंची पडद्यावर उघडून बघा. स्कॅन केलेलं पान असतं, त्यामुळे अक्षर मुंगीएवढं. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवा, पुन्हा डावीकडे या. ई-पुस्तकासारखा मजकूर आपोआप जुळत नाही. कित्येक जुन्या फायली युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टांत आहेत, त्यांतली अक्षरं यंत्राला ओळखू येत नाहीत. ‘कापूस’ असं शोधलं तर यंत्र म्हणतं, असा शब्दच नाही.

मला खरी अडचण दिसते ती देण्याघेण्यात. स्वीडनमध्ये प्रत्येक नगरपालिकेत सार्वजनिक वाचनालय असायलाच हवं, असा कायदा आहे. अशा श्रीमंत देशातही वाचनालयांना ई-पुस्तकाच्या दर उसनवारीमागे पैसे मोजावे लागतात, म्हणून आठवड्याला किती ई-पुस्तकं न्यायची याला बांध घातलेला असतो. कागदी पुस्तकं मात्र पिशवी भरून न्या. विकत घेतलेलं ई-पुस्तकही पूर्ण आपलं होत नाही. २०२५च्या फेब्रुवारीत ॲमेझॉननं किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोयच काढून टाकली. आमच्या गावात एका नावावर गेलेली कादंबरी सुनेकडून सासूकडे, तिथून शेजारच्या नववीतल्या पोरीकडे फिरते आणि नोंदवहीत एकच सही असते. ई-रीडरला खातं लागतं, कार्ड लागतं, ओटीपी लागतो.

मी आमच्या ग्रंथपाल काकांना फोन केला. ते कविता करत नाहीत. म्हणाले, “भाऊ, थे मशीन बिघडलं त दुरुस्तीले कोठी न्याचं? अन् तपासनीस आला त थ्याले पुस्तकं मोजून दाखवा लागते. हे कोन्त्या रकान्यात लिहू?” १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळवणारी वाचनालयं अ, ब, क, ड अशा दर्जांत विभागलेली आहेत आणि दर्जा ठरताना ग्रंथसंख्या बघतात. आमचं ‘ड’ आहे, त्याखाली पायरीच नाही.

शिवाय उन्हाचं काय? किंडलच्या माहितीत वापराचं तापमान ० ते ३५ अंश दिलंय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि वाचनालयावर टिनाचं छप्पर आहे. कागदालाही शत्रू आहेत, खालच्या खणातली पुस्तकं उधई खाते. पण तिथे लोखंडी रॅक भिंतीपासून वीतभर सरकवला की निम्मं काम होतं.

आणि तिथे बसतं कोण, हे ग्रुपवर कोणी विचारतच नाही. सकाळी सातपासून पोलीस भरती, तलाठी भरतीची पोरं बसतात. समोर ठोकळा, म्हणजे परीक्षेचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक, मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा, मोबाईलवर टेलिग्रामहून आलेली पीडीएफ. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात दिसलं की माहितीपर मजकूर, तोही घड्याळ लावून वाचायचा असेल, तर पडद्यापेक्षा कागदावर जास्त कळतं. गोष्टी-कादंबऱ्यांत तसा फरक आढळला नाही. म्हणजे ज्या पोरांसाठी म्हणून ई-रीडर मागताहेत, त्यांनाच कागद जास्त हवा.

ई-रीडरचा एकच दावा मला मान्य आहे, म्हाताऱ्या डोळ्यांचा. मोतीबिंदू झालेल्या माणसाला अक्षर बोटाएवढं करून वाचता येतं, हे छापील पुस्तक करू शकत नाही. ग्रुपवरचे कागदप्रेमीसुद्धा शेगावच्या पोथीचं पारायण एसटीत मोबाईलवरच करतात. पोथी चालते, कादंबरी तेवढी बाटते.

म्हणून माझी वर्गणी मी अशी लिहून दिली आहे: भरतीच्या ठोकळ्यांच्या चालू वर्षाच्या प्रती, कारण जुन्या आवृत्तीतल्या चालू घडामोडी कुचकामी असतात, मग कादंबऱ्या, आणि एक लोखंडी रॅक. सोळा-सतरा हजारांच्या एका यंत्रात तीनशे रुपयांची पन्नासेक पुस्तकं येतात. तरी कोणाला ई-रीडर द्यायचाच असेल तर एकच द्यावा, ज्येष्ठांसाठी, आणि खातं कोणाच्या नावावर राहील नि पुस्तकांचे पैसे दरवर्षी कोण भरेल, हे रविवारच्या आत ग्रुपवर लिहावं.